माल्टात बसने फिरायचं तर गाडी सुटते तिथे चढा

एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो. लेक भूमध्य समुद्रातल्या माल्टात नर्स आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं तीन आठवडे तिच्याकडे जाऊन राहिलो. तिची ड्युटी बारा-बारा तासांची आणि घरी गाडी नाही. पहिल्याच रात्री ती म्हणाली, "बाबा, इथल्या बसचं काही खरं नसतं. तुम्ही आपली टॅक्सी करत जा." मला हे सांगणं म्हणजे आचाऱ्याला डबा मागवायला सांगण्यासारखं. तीन आठवड्यांत एकही टॅक्सी केली नाही, माल्टा आणि गोझो ही दोन्ही बेटं बसने पालथी घातली. त्यात काय चुकलं आणि काय जमलं, ते लिहितो. पुढे कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

देश केवढा, तर माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून ३१६ चौरस किलोमीटर. मोठं बेट लांबीला २७ किलोमीटर. आगगाडी नाही. १८८३ मध्ये एक सुरू झाली होती, राजधानी व्हॅलेटा ते इम्दीना हे जुनं तटबंदीचं शहर. ती १९३१ मध्ये बंद पडली आणि तेव्हापासून सगळा भार बसवरच आहे. एवढीशी जमीन, पाच लाखांवर माणसं आणि घरटी मोटार, त्यामुळे रस्ते कायम तुंबलेले. २७ किलोमीटरचं बेट म्हणजे अर्ध्या तासात या टोकाचं त्या टोकाला जाऊ, असा हिशोब मनातून काढून टाका. गोझोची बोट जिथून सुटते त्या चिरकेवा बंदराला व्हॅलेटाहून सव्वा तास धरा. इम्दीनाला जायचं तर पाऊण तास.

आता मुख्य गोष्ट.

लेकीचं घर इम्सीदाला. इम्सीदा म्हणजे मधला थांबा. सकाळी आठला आम्ही डबाबाटली घेऊन उभे. बस आली, मी हात केला, आणि बस थांबलीच नाही. पुढच्या पाटीवर मार्गाच्या नावाऐवजी 'बस भरलेली आहे' असं इंग्रजीत झळकत होतं. दुसरी बसही तशीच गेली. तिसरी थांबली, पण दोन माणसं उतरली म्हणून दोनच घेतली, आणि ती आमच्या पुढे उभी होती. एसटीत आम्ही 'सरका पुढे, सरका पुढे' करून साठ माणसं बसवायचो, हा विचार तिथे करून उपयोग नाही. ड्रायव्हरने गाडी भरली म्हटलं की भरली. ऑक्टोबर २०२२ पासून माल्टाच्या रहिवाशांना त्यांच्या कार्डावर बसप्रवास मोफत झाला आहे, त्यामुळे गर्दीला तोटा नाही.

चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधल्या थांब्यावर उभं राहणारा माणूस हा नेहमी दुसऱ्याच्या उरल्यासुरल्या जागेवर अवलंबून. गाडी सुटते तिथे चढलात तर जागा तुमची, खिडकीही तुमची. मग मी रोजचा क्रम बदलला. सकाळी इम्सीदाहून समुद्राच्या कडेकडेने चालत व्हॅलेटाचं बसस्थानक गाठायचं. अंतर तीनेक किलोमीटर. आमच्या हिची सुरुवातीला कुरकुर होती, "अहो, बसने फिरायला आलोय की पंढरीला चालत निघालोय?" पण ताटकळून उभं राहण्यापेक्षा चालणं बरं, हे तिलाही पटलं. ज्यांना हॉटेल घ्यायचं आहे त्यांनी व्हॅलेटात किंवा वेशीबाहेरच्या फ्लोरियानात घ्यावं. समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल फोटोत छान दिसतं, पण रोज सकाळी थांब्यावर उभं राहायचं आपल्याला आहे, फोटो काढणाऱ्याला नाही.

व्हॅलेटाचं बसस्थानक शहराच्या वेशीबाहेर, त्रितोन कारंज्याच्या आसपास पसरलेलं आहे. इमारत अशी नाही, उघड्यावरचे फलाट. फलाटांना अक्षर आणि आकडा असतो, ए, बी, सी अशी. पहिल्या दिवशी पाच मिनिटं काढून सगळे फलाट एकदा चालून पाहा. कुठली गाडी कुठे लागते हे डोळ्याखालून गेलं की पुढचे दिवस सोपे. चौकशीची आणि कार्डाची खिडकी तिथेच आहे. शेजारच्या टपऱ्यांवर पस्तिझी मिळतात. पापुद्र्यांची, होडीच्या आकाराची गरम पुडी, आत वाटाण्याचं नाहीतर रिकोटा चीजचं सारण. आम्ही दोघं शाकाहारी, त्यामुळे वाटाण्याच्या पस्तिझीवर तीन आठवडे काढले असं म्हटलं तरी चालेल. मात्र मांसाचं सारण भरलेलीही मिळतात, म्हणून घेताना वाटाणा का चीज हे बोलून घ्या. खाऊन झाल्यावर बसमध्ये चढा, हातात घेऊन नको.

तिकिटाचं सांगतो. आम्ही होतो तेव्हा हिवाळ्यात एका फेरीचे दोन युरो, उन्हाळ्यात अडीच, रात्रीच्या बसला तीन. तिकीट दोन तास चालतं, त्या वेळात गाडी बदलली तरी नवं काढावं लागत नाही. पण दर गाडीत ते यंत्रावर पुन्हा धरावं लागतं. नुसतं खिशात ठेवून बसलात तर ते चालत नाही. वाहक नसतोच (हे मला शेवटपर्यंत खटकलं). ड्रायव्हरच तिकीट देतो, म्हणून सुटे पैसे काढून हातात ठेवा. मागे माणसं खोळंबलेली असताना पाकिटात पन्नासची नोट शोधणारा प्रवासी जगात कुठेही सारखाच नकोसा असतो.

रोज फिरणार असाल तर सुटी तिकिटं घेऊ नका. दोन कार्डं कामाची. एक सात दिवसांचं, कितीही फिरा, तेव्हा एकवीस युरो होतं. पहिल्यांदा यंत्राला लावलं की दिवस मोजायला सुरुवात होते, म्हणून आदल्या रात्री उगाच लावू नका. दुसरं बारा फेऱ्यांचं, तेव्हा पंधरा युरो. याची गंमत म्हणजे ते एकाच माणसाचं नसतं. आम्ही दोघं एकाच कार्डावर जायचो, ते दोनदा लावायचं, दोन फेऱ्या वजा. सुट्या तिकिटाने बारा फेऱ्यांचे चोवीस झाले असते. पहिले दोन आठवडे आम्ही सात दिवसांचं घेतलं आणि शेवटच्या आठवड्यात, पाय थकल्यावर, बारा फेऱ्यांचं. त्यानंतर दर वाढलेत, तेव्हा निघण्यापूर्वी चालू आकडे बघा. कार्डं विमानतळावरच मिळतात, तिथूनच घेतलेली बरी.

कार्डाचं आणि मोबाइलमधल्या ॲपचं नाव तल्लिन्या. माल्टी भाषेत 'ताल-लिन्या' म्हणजे 'लाइनीवरची', ठराविक मार्गावर धावणारी गाडी. बसला तिथले जुने लोक शाराबँक म्हणतात. २०११ पर्यंत तिथे जुन्या पिवळ्या बस होत्या, ड्रायव्हरच बहुधा मालक, आणि आपल्या ट्रकवाल्यांसारखी प्रत्येकाने आपापली गाडी सजवलेली, देवादिकांच्या चित्रांसह. आता रोजच्या मार्गांवर त्या नाहीत, दुकानांतल्या खेळण्यांत आणि टपाल कार्डांवर दिसतात. मी एक छोटी विकत घेतली. ही म्हणाली, "घरी काय कमी बस पाहिल्यात?"

ॲपमध्ये कुठली बस किती मिनिटांत येते ते दिसतं, ते बहुतेक बरोबर असतं. छापील वेळापत्रकात सुटण्याची वेळ तेवढी खरी धरा. मधल्या थांब्यांच्या वेळा वाहतुकीच्या मर्जीवर.

थांब्यावर काय करायचं? आमच्या भाषेत सांगायचं तर तिथला प्रत्येक थांबा हा विनंती थांबा आहे. आपण हात केला नाही तर ड्रायव्हर समजतो याला आपली गाडी नको आहे, आणि पुढे जातो. उगाच खांद्याइतका हात नको, सरळ पुढे लांब करा, गाडी दिसताच. उतरायच्या आधी खांबावरचं बटण दाबा. पुढचा थांबा गाडीत बोलून सांगतात आणि पाटीवरही येतो. चढायचं पुढून, उतरायचं मधल्या दाराने. देश १९६४ पर्यंत इंग्रजांकडे होता, त्यामुळे वाहतूक डाव्या बाजूने. युरोपातल्या इतर ठिकाणी जाऊन आलेल्यांचा गोंधळ होतो, आपला होत नाही. एकाच नावाचे थांबे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात, तेवढं मात्र पाहा.

चढताना 'बॉन्जू' म्हणा, म्हणजे शुभ सकाळ. बरेच ड्रायव्हर बाहेरदेशचे आहेत, एक केरळचा निघाला. मी एसटीचा आहे म्हटल्यावर त्याने सिग्नलला गाडी उभी असताना वळून हात मिळवला.

आता पाट्या वाचायला शिका, कारण खरी फसगत इथे होते. माल्टी भाषा मूळची अरबीच्या घराण्यातली, पण रोमन लिपीत लिहितात. एक्स दिसला की 'श' वाचायचं. जे म्हणजे 'य'. सी किंवा जी या अक्षरांच्या डोक्यावर टिंब असेल तर अनुक्रमे 'च' आणि 'ज'. क्यू जवळजवळ गिळून टाकायचा, घशात नुसता अटकाव. जीएच असं जोडीने आलं तर बहुतेक मुकं. मी पहिल्या दिवशी ड्रायव्हरला 'मार्साक्सलोक' विचारलं, तो नुसता बघत राहिला. गावाचं नाव मार्साश्लोक. बोटीच्या धक्क्यावरच्या पाटीवर गोझोचं माल्टी नाव लिहिलेलं असतं, त्याचा उच्चार आउदेश. बसच्या नंबरात मात्र एक्स हा एक्सच राहतो, विमानतळाच्या गाड्या एक्स १ ते एक्स ४.

आणि जोडनावं. माल्टात राबात नावाचं गाव आहे, इम्दीनाच्या वेशीला लागून. गोझोच्या राजधानीला कागदावर व्हिक्टोरिया म्हणतात, पण तिथली माणसं तिलाही राबातच म्हणतात. आम्ही गोझोत एका थांब्यावर एका आजोबांना विचारलं, ही बस कुठे जाते? ते म्हणाले, राबात. हिचा चेहरा उतरला. "अहो, आपण तर बोटीने आलो, आणि ही बस पुन्हा पलीकडे कशी नेईल?" इम्जारचंही तसंच. गोझोच्या बंदराचं नाव इम्जार, आणि माल्टात वेगळं इम्जार गाव आहे. नाव विचारू नका, बसचा आकडा विचारा. गोझोतल्या सगळ्या बस तीनशेच्या घरातल्या आहेत, तेवढी खूण पुरे.

मार्ग सगळे सांगत नाही, मला आवडलेला एक फेरा नीट सांगतो. व्हॅलेटाहून सकाळी ७४ नंबर. हाजार ईमला उतरा. इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासची दगडी मंदिरं आहेत, समुद्र दिसेल अशा टेकाडावर, वर तंबूसारखं छत टाकलंय. तिथून ब्लू ग्रोटो खाली उतारावर, चालत अर्धा तास धरा. निळ्या गुहेत नेणाऱ्या होड्या समुद्र शांत असेल तरच सुटतात. फेब्रुवारीत आमच्या वेळी वारा होता, होड्या बंद, वरूनच पाहिलं. मग तिथेच थांबून २०१ नंबर पकडायची. ती विमानतळाकडून येते आणि कड्याच्या काठाने डिंगलीवरून राबातला जाते. डिंगलीचा कडा सर्वांत उंच जागी अडीचशे मीटरच्या वर आहे, खाली थेट समुद्र. ही बस विरळ आहे, म्हणून ॲपवर तिची वेळ पाहून मगच बाकीचं आखा. डिंगलीला उतरायचं तर पुढची २०१ किती वाजता येणार हे आधी बघा, कारण कड्यावर उन्हावाऱ्यात ताटकळावं लागतं. राबातला पोचलात की इम्दीना समोरच. संध्याकाळी पर्यटकांचे जथे गेल्यावर त्या गल्ल्यांत पावलांचा आवाज येतो. परतीला ५१, ५२, ५३ यांपैकी कुठलीही, तिन्ही व्हॅलेटाला जातात.

मार्साश्लोकला ८१ आणि ८५. रविवारचा मासळीबाजार प्रसिद्ध आहे. आम्हाला मासळीचं काही नव्हतं, डोळे रंगवलेल्या होड्या पाहायला गेलो. रविवारी जाणं ही चूक. जाताना जागा मिळते, येताना सगळं बेट एकाच वेळी घरी निघतं. होड्या सोमवारीही तशाच असतात.

व्हॅलेटाहून ४१ आणि ४२ चिरकेवाला जातात, स्लिमाहून २२२. ४१-४२ च्या वाटेत मोस्ता लागतं, चर्चचा अवाढव्य घुमट दिसतो. ९ एप्रिल १९४२ ला भर प्रार्थनेच्या वेळी जर्मन बॉम्ब तो घुमट फोडून आत पडला आणि फुटला नाही. उतरून पाहण्यासारखं आहे, पण पुन्हा चढताना तुम्ही मधल्या थांब्यावरचे प्रवासी, हे लक्षात ठेवा.

आता माझी सर्वांत आवडती युक्ती. मेलीहाजवळ आदीरा नावाचा मोठा वाळूचा किनारा आहे. पुढे काही किलोमीटरवर चिरकेवा बंदर. गोझोहून बोट लागली की माणसांचा लोंढा बसमध्ये घुसतो आणि बस बंदरातच भरते. आदीराच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांनी हात करून काही होत नाही. आमच्या समोरून तीन गेल्या. संध्याकाळ, वारा, सोबत बायको. मग मी हिला म्हटलं, चल, रस्ता ओलांडू. "अहो, घर तिकडे आहे!" म्हटलं, माहीत आहे. उलट्या दिशेची बस जवळपास रिकामी आली. तिने चिरकेवाला गेलो, रांगेत उभे राहिलो आणि पहिल्या बाकावर बसून परत निघालो. सात दिवसांचं कार्ड असल्यामुळे जादा पैसाही पडला नाही. आदीराच्या थांब्यावरून आमची बस न थांबता पुढे गेली, तेव्हा मघाशी आमच्याबरोबर उभी असलेली माणसं अजून तिथेच होती. वाईट वाटलं, पण थोडंच.

चिरकेवाहून गोझोला जाताना बोटीचं तिकीट काढायला लागत नाही, थेट चढायचं. परतताना इम्जारला दोन्हीकडचे एकदम घेतात, आम्ही गेलो तेव्हा माणशी ४.६५ युरो. पंचवीस मिनिटांचा प्रवास. उतरल्यावर ३०१ किंवा ३२३ ने व्हिक्टोरिया. तिथून सगळ्या बस पंख्याच्या पात्यांसारख्या बाहेर जातात आणि परत तिथेच येतात. ३०७ ने शारा गाव, तिथे जिगान्तियाची मंदिरं. ३१० ने मार्साल्फोर्न. ३११ ने द्वेय्रा, जिथे दगडी कमान होती. ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, पण किनारा अजूनही पाहावा असा आहे. बहुतेक गाड्या तासाला एक अशा हिशोबाने, म्हणून एका दिवसात दोन ठिकाणं ठरवा, तिसरं मिळालं तर मिळालं. उरलेला वेळ व्हिक्टोरियातच काढा. बसस्थानकापासून किल्ला चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तिथे बसून वाट पाहणं हे थांब्यावर उभं राहण्यापेक्षा कितीतरी चांगलं. कोमिनोला बस जात नाही, तिथे होडीच.

रात्री उशिराचं काही करू नका असं मी सांगेन, पण तरुण मंडळी ऐकणार नाहीत. त्यांच्यासाठी, आम्ही होतो तेव्हा, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री 'एन' अक्षराच्या गाड्या सेंट ज्युलियन्सहून निघायच्या. एरवी अकराच्या आत घरी.

विमानतळावर उतरल्यावर कुठली गाडी घ्यायची? व्हॅलेटाला एक्स ४, सेंट ज्युलियन्सकडे एक्स २, बुजिब्बाकडे एक्स ३, थेट गोझोच्या बोटीला एक्स १. बाहेर पडल्यावर समोरच थांबे आहेत. मोठ्या बॅगा ठेवायला बसमध्ये जागा थोडी, म्हणून एका माणसाने आधी चढून बॅगांचा कोपरा धरावा आणि दुसऱ्याने कार्ड लावावं.

परत जाताना मात्र एक्स ४ साठी मधल्या थांब्यावर बॅगा घेऊन उभे राहू नका. आम्ही लेकीच्या सांगण्यावरून सकाळी एकदा तसे उभे राहून पाहिलं, दोन गाड्या भरून गेल्या. मग व्हॅलेटाला गेलो, फलाटावर गाडी लागलेलीच होती. ही खिडकीला बसली, मी शेजारी. ड्रायव्हरने दार लावलं. घंटी मारायला हात वर गेला होता माझा, दोरी नव्हती.